आतल्या भिंतीची ओल

१

ओल कुठून येते हे शोधायचं एक शास्त्र आहे. ते मला कोणी शिकवलं नाही. वाचायलाही कोणी शिकवलं नाही. चहापत्तीच्या पुड्यांचे कागद जुळवून जुळवून मी वाचायला शिकले, आणि हिंगणघाटच्या सरकी काढायच्या जिनात कापूस निवडणाऱ्या बायांवर मुकादमीण झाले. मूठभर कापूस दाबून त्यावर पाणी मारलंय की नाही, हे मी डोळे मिटून सांगत असे. व्यापारी मला वचकून असत. हे अशासाठी सांगते, की पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारीला भास झाला. भास होणाऱ्या बायका वेगळ्या असतात. तसल्यांना मी कामावर ठेवत नसे.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी शरयू बाळंतपणाला माहेरी आली. दुसरी खेप. पहिली मुलगी याच घरात, याच आतल्या खोलीत झाली होती, आणि ऐन पावसाळ्यात, तान्ही असतानाच, छातीचा डबा होऊन धापा टाकत गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कमजोर होती. गिरडला शरयूच्या सासरी म्हणत, खोली ओली होती. या खेपेला त्यांना सुनेला माहेरी पाठवायचंच नव्हतं. जावई श्रीधर तिथल्या शाळेत मास्तर, भला माणूस. घरी भांडून तो बायकोला घेऊन आला.

"खोली कोरडी पाहिजे, आई," दारातच त्यानं बजावलं. "नाहीतर मी शरयूला परत नेईन. दुसऱ्यांदा ते बघायची माझी ताकद नाही."

"जावईबापू, हिंगणघाटात चैत्रात ओल शोधून राह्यले तुम्ही? इथं माणसाच्या डोळ्यातलं पाणी सुकते."

तो हसला नाही. मीही मनातून हसत नव्हते.

२

शरयूची बाज झाडायला ओढली आणि मागच्या भिंतीवर ओल दिसली. परातीएवढी. करडी, कडेला हिरवट, मधोमध काळे ठिपके. मी तळहात लावला. ओल हाताला गार लागते. ही कोमट होती. ऊन आहे, भिंत तापली असेल, असं म्हणून मी पदर खोचला.

ओल येते ती वरून, खालून, नाहीतर बाजूनं. बाजूचं आधी पाहिलं. त्या भिंतीचं बाहेरचं अंग पश्चिमेला. दुपारभर ऊन खाऊन तिला भेगा पडलेल्या. नखानं माती उकरली तर पिठासारखी उडाली. मग शिडी लावून कौलारू छपरावर चढले. साठी उलटलेली बाई छपरावर, म्हणून गल्लीत माणसं जमली. शेजारच्या प्रमिलाबाई सगळ्यांत पुढे.

"आनंदाबाई, वो आनंदाबाई! पडसान ना वो! कवेलूही फुटन अन् कंबरही!"

"कवेलू नवं भेटते. कंबरेचं मी पाहून घेतो. तुम्ही शिडी धरा."

कवेलूंखाली चिमण्यांच्या घरट्यातलं गवत होतं. हातात घेतलं तर कडकड मोडलं. पाण्याचा ठिपका नाही. खाली उतरून न्हाणी बंद केली, आंघोळी अंगणात नेल्या. भिंतीच्या बुडाशी कोपरभर चर खणला. कोरडी माती, तिच्याखाली कोरडा मुरूम. आणि खालून चढणारी ओल पायापासून चढते. ही पायाशी नव्हतीच. मध्येच होती. बाजेच्या उंचीवर.

बुरशी खरवडली, निंबाच्या पाण्यानं पुसली, वर चुन्याचा हात दिला. आठवडा गेला नाही तोच ती पुन्हा आली, त्याच जागी, तेवढीच गोल.

"गिरडच्या टेकडीवर दर्ग्याले नवस बोला," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तुमचा जावई तर तिथलाच हाय."

"नवसानं माणसं बरी होत असतीन, प्रमिलाबाई. भिंत नाई सुकत."

"तुम्ही कोनाचं ऐकलं हाय काय आजवर!"

"ऐकलं असतं तर अजून पुडीचे कागद फेकत असतो."

३

त्या दिवसांत मला बसवत नसे. पोळी तव्यावर टाकायची आणि आत जाऊन भिंत पाहून यायची. पोळ्या करपत. शरयूला आठवा सरत आलेला. दिवसभर ती त्याच बाजेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेली असे.

मग मला जिनातली शेड आठवली. पौषाच्या थंडीत बाया तिथं दारं लावून झोपत. सकाळी वरच्या पत्र्यावरून पाणी गळायचं. नवा आलेला कारकून म्हणाला, छप्पर गळतं. मी म्हटलं, छप्पर नाही गळत साहेब, हे बायांच्या श्वासाचं पाणी आहे. खिडक्यांच्या फळ्या उघड्या ठेवा. ठेवल्या, आणि गळणं थांबलं.

मी डालड्याचा एक डबा कापला, ठोकून सपाट केला आणि तो पत्रा त्या डागावर खिळ्यांनी बसवला. साधी गोष्ट आहे. पाणी भिंतीतून येत असेल तर पत्र्याची पाठ ओली होईल. खोलीतून येत असेल तर तोंड.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं. पाठ कोरडी. तोंडावर मात्र दवासारखे थेंब, आणि काही थेंबांचे ओघळ झालेले.

म्हणजे भिंत निर्दोष. पाणी खोलीतून येतंय. खोलीत शरयू, ती भिंतीकडे तोंड करून झोपते. इतक्या उन्हाळ्यात एका बाईच्या श्वासानं पत्रा भिजतो का, असं मन विचारत होतं. मी त्याला गप्प केलं. बाज ओढून समोरच्या भिंतीला लावली.

बाजारातून परत येऊन पाहते तर बाज पुन्हा जुन्या जागी. एवढं पोट घेऊन पोरीनं ती एकटीनं ओढली होती. आणि झोपली होती कशी? अगदी बाहेरच्या कडेवर, बाजेच्या लाकडावर माकडहाड टेकून. भिंतीकडची अर्धी बाज रिकामी.

"पडशील ना पोरी. आत सरक."

"नाई पडत. जागा लागते."

"कोनाले लागते?"

तिनं डोळे मिटून घेतले. पोटुशी बाई हट्टी होते, माहीत आहे. मीही तिच्या वेळी माती खाल्ली होती.

४

मी शरयूची बाज ओसरीवर काढली. दोन दिवस आतली खोली बंद, कुलूप माझ्या हातचं, किल्ली कमरेला. खोलीत माणूस नाही, पाण्याचा घडा नाही, चूल नाही.

तिसऱ्या दुपारी कुलूप काढलं. वास आला. बुरशीचा नव्हे, पोराच्या टाळूचा येतो तसा, आंबूस गोड. पत्र्यावरून पाणी थेंबथेंब खाली उतरत होतं आणि जमिनीवर त्याचं ओलं वर्तुळ झालं होतं.

मी दार लोटून घेतलं आणि पत्र्यासमोर उकिडवी बसले. बाहेर जिनाचा भोंगा झाला. कवेलूंच्या फटींतून उन्हाचे चट्टे पडले होते, तेवढा उजेड पुष्कळ होता. मी पदरानं पत्रा कोरडा पुसला. चकचकीत झाला.

मग त्यावर धूसर ठिपका आला. वाढला, तळहाताएवढा झाला. आकसला. जवळजवळ नाहीसा झाला. पुन्हा वाढला.

मी स्वतःचा श्वास रोखला. माझाच असेल. ठिपका वाढला, आकसला. उन्हानं पत्रा तापतो, निवतो, असंही मनात आलं. पण पत्रा काही इतक्या लवकर तापत-निवत नाही. पत्रे मी जन्मभर पाहिलेत. शेवटी मी हात पुढे केला आणि पत्र्याच्या समोर, वीतभर अलीकडे, हवेत धरला.

हाताच्या पाठीला कोमट लागलं. मग नाही. मग पुन्हा लागलं. पत्रा माझ्या हाताआड कोरडा राहिला.

मी उठले, कुलूप लावलं, आणि अंगणातली भांडी घासायला काढली. स्वच्छ होती ती. तरी घासली.

५

जिनात जे केलं तेच इथं करायचं, असं मी ठरवलं. फळ्या उघडायच्या. खोलीला खिडकी पाडायची, पश्चिमेच्या भिंतीत, त्या डागाच्या जरा वर. कशाचं का पाणी असेना, वारा ते घेऊन जाईल.

हे ऐकून प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "बाळंतिणीच्या खोलीले खिडकी? आम्ही फटीत चिंध्या कोंबतो, वारा लागू नाई म्हणून! अन् तुम्ही भगदाड पाडून राह्यल्या?"

"चिंध्या कोंबूनच पाहिलं मागच्या खेपेले."

त्या निघाल्या. पण शरयू बाजेवर उठून बसली. आल्यापासून पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला.

"नको, माय. तिथं नको पाडू."

"काऊन?"

"उजेड येईल."

"उजेडासाठीच तर पाडायची."

"तुले समजत नाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी काही तिची समजूत काढली नाही. समजूत काढण्यात पोरीचे दिवस भरले असते.

प्रेमदास गवंडी आला. त्यानं भिंत बाहेरून फोडायला घेतली. मी आत उभी. लू सुटली होती, बाहेरून आत धूळ येणार म्हणून मी नाकातोंडाला पदर लावला. पहिलं भोक पडलं. धूळ आत आली नाही. आतली हवा फुंकर घातल्यासारखी बाहेर गेली. बाहेर प्रेमदासची पहार खाली पडल्याचा आवाज झाला.

"काय झालं रे?"

"आत चूल पेटवली काय, बाई?" तो भोकातून ओरडला. "तोंडावर वाफ आली. पुरं तोंड ओलं झालं."

"घाम असंल तुझा."

"माह्या घामाले माह्याच घामाचा वास येते, बाई."

पण खिडकी झाली. चौकट बसली. उरलेल्या विटा अंगणात रचून ठेवल्या. आणि सांगते, भिंत सुकली. चार-सहा दिवसांत डाग पिवळा पडला, बुरशी झाडूनं निघाली. पत्रा कोरडा. मी खोलीला पांढरा चुना दिला आणि प्रमिलाबाईंना हाताला धरून दाखवायला आणलं.

"लावा हात."

त्यांनी लावला. "आता तुमच्याशी कोन बोलंल!" असं म्हणून त्या गेल्या. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६

मुलगा झाला. सुरेख, वजनदार, रडका. श्रीधर येऊन पाहून गेला. जाताना त्यानं खिडकीच्या चौकटीवर हात फिरवला आणि माझ्या पाया पडला.

त्यानंतर मी एक पाहिलं आणि बोलले नाही. बाळाचा एक गाल ओला असे. आईकडचा कोरडा, भिंतीकडचा ओला. पुसला की थोड्या वेळानं पुन्हा ओला. दुपट्यालाही त्याच बाजूला दमट. प्रमिलाबाई म्हणाल्या, लाळ आहे. लाळ चिकट असते.

एका भर दुपारी मी बाहेरच्या अंगानं खिडकीशी गेले. पान हलत नव्हतं. लूसुद्धा पडली होती. खिडकीतून आत पाहिलं. शरयू बाजेच्या बाहेरच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. तिच्यापुढे बाळ. बाळापुढे, भिंतीपर्यंत, वीतभर मोकळी बाज.

बाळाचं जावळ लांब होतं. त्या जावळात भांग पडत होता. केस बाजूला होत, परत जागेवर येत, पुन्हा बाजूला होत. आजी पोराच्या टाळूवर हळू फुंकते तसे. आणि मोकळ्या जागेतलं दुपटं जरा खोल बसलेलं होतं.

शरयूचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच पाहत होती.

"शरू," मी म्हटलं.

"हळू बोल, माय," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागला."

"बाळाचा?"

"बाळ तर केव्हाचंच झोपलं."

७

मी आत गेले, बाळाला उचललं आणि ओसरीवर आले. पण खोलीचं तोंड आता मीच उघडलं होतं. संध्याकाळी ओसरीवरही त्याचा गाल ओला झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला. तो खळगा मी ओळखत होते. डॉक्टरनं औषध दिलं आणि सांगितलं, याला कोरड्या जागी ठेवा. सगळ्या घरात आता त्या पोराइतकी ओली जागा दुसरी नव्हती.

मी श्रीधरला निरोप धाडला. तो बैलांची दमणी घेऊन आला.

"सव्वा महिना झाला नाही, आई. बाळंतीण उंबरा ओलांडते का?"

"ओलांडते. मी सांगतो म्हणून. बाळाले घ्या अन् दमणीत जाऊन बसा. काही विचारू नका."

मास्तर माणूस, पण बाळाच्या छातीकडे पाहून त्यानं विचारलं नाही.

शरयूला सांगणं अवघड होतं. ती बाजेला चिकटून बसली.

"मी नाई येत. मी गेलो तर ती मागं येईल. नाई आली तर एकटी राहील. माय, मी काय करू?"

"तू त्याले सांभाळ. इथं मी राहतो."

"तू? तिच्यापाशी?"

"राहतो म्हटलं ना."

ती माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. जन्मात पहिल्यांदा माझी पोर मला जोखत होती. "तिले उजेड नाई चालत," शेवटी ती म्हणाली. "अन् मागून एकदम हात लावू नको. भिते."

मग ती आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून गुणगुणली. मी दारात उभी राहून बाहेर पाहत होते. आत पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं उठून अंगावरचं लुगडं सोडलं, दुसरं नेसली. सोडलेलं गोळा करून बाजेवर आपल्या जागी ठेवलं. निजलेलं पोर टाकून शेतावर जाणाऱ्या बाया असंच करतात. आईचा वास राहतो, पोर उठत नाही. चोरपावलांनी ती माझ्याजवळून गेली. तोंडात पदराचा बोळा होता.

मी दार आतून लावून घेतलं. विटा आणि भिजवलेली माती सकाळीच आत आणून ठेवली होती. वीट लावायला कोणी शिकवलं नव्हतं मला, प्रेमदासला पाहिलं होतं, तेवढं पुरे. खिडकीत एकावर एक थर चढत गेला. उजेड वरवर सरकत गेला. माझ्या पाठीमागे बाज होती आणि तिच्यावर काही आवाज नव्हता.

शेवटची वीट बसवताना लुगड्याची चाळवाचाळव झाली.

मी वळले नाही. हात चालवत राहिले. बाज करकरली, जसं कोणी उठून बसावं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग श्वास माझ्या मानेवर आला. कोमट, ओला.

मी उभी होते. आणि मी उंच बाई आहे. जिनातल्या दारांना मला वाकून जावं लागे.

हे काय असेल ते असो, आहे ते तान्हं पोरच, असं मी इतके दिवस मनाशी धरून चालले होते. तेवढंच मनाला परवडत होतं.

बाहेर श्रीधरनं बैलांना हाक दिली. घुंगरं वाजली. मानेवरचा श्वास थांबला. ऐकत होता. मीही ऐकत होते. दमणी गल्लीच्या तोंडाशी वळली, घुंगरं वेणा नदीच्या उताराला लागली, बारीक झाली, आणि मग नाही. तोवर त्या खोलीत कोणीच श्वास घेतला नाही.

विटेच्या वर बोटभर फट राहिली होती. तेवढ्याशा उजेडात माझे मातीचे हात दिसत होते.

"मी आहो," मी म्हटलं, आणि फट बुजवली.